थंड अर्काची किमया
वनस्पतीतील गुणकारी द्रव्य वेगळे करणारे रसायनशास्त्र आणि त्याचा रुग्णांवरील परिणाम पडताळणारी चिकित्सालयीन चाचणी यांची सांगड आर्टेमिसिनिन या मलेरियावरील औषधाच्या इतिहासात विशेषत्वाने दिसते. चीनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या मलेरियाविरोधी प्रकल्पात १९६९ पासून सहभागी असलेल्या संशोधक तू यूयू यांना चिंगहाव या, दवण्याच्याच प्रजातीतील वनस्पतीचे अर्क कधी प्रभावी, तर कधी निष्प्रभ आढळत होते. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घेण्यास सांगितले असून उकळण्याचा उल्लेख नाही, हे ध्यानात येताच उष्णतेने औषधी द्रव्य नष्ट होत असावे असे अनुमान त्यांनी केले आणि १९७१ मध्ये सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळणारे ईथर वापरून अर्क काढला, जो उंदरांतील व माकडांतील मलेरियावर पूर्णतः गुणकारी ठरला.

त्यानंतरचे पाऊल अधिक धाडसाचे होते, कारण १९७२ मध्ये हाइनान बेटावरील २१ रुग्णांना अर्क देण्यापूर्वी तू यूयू व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन त्याची निर्धोकता तपासली. या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच आर्टेमिसिनिन; त्याच्या रेणूत एकमेकांना जोडलेल्या दोन ऑक्सिजन अणूंचा ‘पेरॉक्साइड सेतू’ असतो. मलेरियाचा परजीवी रक्तातील हिमोग्लोबिन पचवताना मुक्त होणाऱ्या लोहयुक्त घटकामुळे हा सेतू तुटतो आणि त्यातून निर्माण होणारे अतिक्रियाशील कण परजीवीच्याच प्रथिनांचा नाश करतात.