वसईच्या किल्ल्यांतील थडगीं

उल्हास नदीची खाडी जेथें समुद्रास मिळते, तेथें तिच्या उत्तर तीरावर वसईचा किल्ला आहे. किल्ला म्हटला म्हणजे बुरूज व तोफा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु हा किल्ला म्हणजे वस्तुतः तटानें वेढलेलें एक शहरच होतें. इ. स. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहाकडून वसई पोर्तुगिजांस मिळाली व पुढें दोनशें पांच वर्षें ती त्यांच्याकडे राहिली. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन इत्यादि पंथांच्या साधूंनीं तेथें आपापलीं चर्चें व मठ बांधले.

त्यांपैकीं फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनीच्या चर्चवर आज छप्पर नाहीं. प्रेक्षक कमानींकडे पाहत चालतो. पण खरें पाहण्याजोगें आहे तें पायांखालीं. त्या काळीं मानकरी ख्रिस्त्यांस चर्चच्या आंतच पुरीत. वेदीच्या जितकें जवळ, तितका मान मोठा. म्हणून येथील फरसबंदी हेंच कबरस्तान होय. काळ्या दगडाच्या शिला ओळीनें बसविल्या आहेत. कांहींवर घराण्याचें ढालीच्या आकाराचें चिन्ह, खालीं मृताचें नांव व साल. जागा वांचविण्याकरितां शब्दांचीं टोंकें छाटलेलीं, अक्षरांत अक्षर गुंतविलेलें. मोडी वाचणारास ही युक्ति अपरिचित वाटूं नये!

ह्या लेखांतून एक शब्दप्रयोग भेटतो, तो ध्यानांत घेण्यासारखा आहे: ही कबर अमक्याची व त्याच्या वारसांची. बापाच्याच शिलेखालीं पुढें मुलानें, नातवानें निजावयाचें, ही त्यांतील अपेक्षा. परंतु इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांच्या फौजेनें सुरुंगांनीं तट फोडला व शहर शरण आलें. तहाप्रमाणें शिबंदी शस्त्रांसह, इभ्रतीनें बाहेर पडली. शिलांवर ज्यांचा हक्क कोरला होता, ते वारसही तिच्याबरोबर गेले.

चर्चच्या घंटांचें नशीब निराळें. विजयाची खूण म्हणून त्या देशावर गेल्या. नाशिकचें नारोशंकराचें देऊळ, भीमाशंकर, वाईजवळचें मेणवली येथें त्या टांगल्या गेल्या. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हें साल असून बाळ येशूस घेतलेल्या मेरीची आकृति आहे. कृष्णाकांठीं शंकराच्या देवळापाशीं ती आजही आहे. घंटा उचलून नेतां येते व पुन्हां वाजवितां येते. कबरेच्या शिलेचा दुसऱ्यास काय उपयोग?

छपराचें लांकूड नाहींसें झाल्यापासून कोंकणचा पाऊस ह्या अक्षरांवर सरळ पडत आहे. मुंबईचे डॉक्टर गर्सन द कुन्हा ह्यांनीं चौल व वसई ह्यांवरील आपल्या १८७६ च्या ग्रंथांत येथील लेखांची नोंद केली, हें बरें झालें. किल्ला आतां पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. तथापि पावसाळ्यांत शेवाळ व एरव्हीं येणाऱ्या-जाणाऱ्यांचीं पादत्राणें आपलें काम करीतच आहेत. शिला वाचावयाची असल्यास सकाळीं, ऊन तिरपें असतां जावें. दोन प्रहरीं तीच शिला कोरी दिसते.