रायगडाआधीचे राजे

महाडहून रायगडाकडे जाणारा रस्ता नाते गावावरून जातो, आणि या मुलखाच्या इतिहासाची मराठीतली मांडणीही बहुधा तेवढ्याच वाटेने चालते: जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव, १६५६ मध्ये रायरीचा, म्हणजे आजच्या रायगडाचा, ताबा आणि १६७४ चा शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. त्याआधीचे दीड हजार वर्षांचे राजे प्रस्तावनेतल्या दोन ओळींत आटोपले जातात. ज्या इंग्रजांच्या राजांच्या सनावळ्या आपल्याकडच्या शाळांतून एके काळी घोकून घेतल्या जात, त्यांनी आपल्या प्रारंभिक राजांना अशी वागणूक दिलेली नाही. १०६६ मध्ये नॉर्मन येण्यापूर्वीचे केंट, मर्सिया, नॉर्थम्ब्रिया, वेसेक्स यांचे अँग्लो-सॅक्सन राजे, म्हणजे रोमन सत्ता गेल्यावर ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या जर्मानिक टोळ्यांचे राजे, तिकडे राष्ट्राच्या घडणीचा पहिला अध्याय मानले जातात. कारण बीड नावाच्या भिक्षूने ७३१ च्या सुमारास त्यांतल्या आरंभीच्या राजांचा वृत्तान्त लिहून ठेवला आणि त्यांनी मठांना दिलेल्या जमिनींच्या सनदाही पुष्कळशा टिकल्या.

कोकणाला असा बीड लाभला नाही, पण सनदा मात्र लाभल्या, आणि त्या कातळावर आहेत. महाडलगतच्या गांधारपाले किंवा पाले लेण्यांतील ब्राह्मी लेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने एक लेणे, चैत्यगृह म्हणजे स्तूपाची उपासना करण्याचे दालन, आठ अपवरक म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाण्याची पोढी आणि एक वाट दान दिल्याची नोंद आहे. राजपुत्राच्या या दानात पराक्रमाचा एकही शब्द नाही. मुक्कामाची सोय, उन्हाळ्यासाठी साठवलेले पाणी आणि चालायला वाट, एवढाच त्याचा हिशेब आहे. घाट आणि खाडी यांच्यामधल्या व्यापारी रस्त्यावर सत्ता कशावर उभी राहते, हे त्यातून जितके कळते तितके पुढच्या काळातल्या कित्येक प्रशस्तींतून कळत नाही.

याहून भरघोस साक्ष तळे गावाजवळच्या कुडे लेण्यांत मिळते. तेथील लेखात महाभोज, म्हणजे भोजांचा सत्ताधीश, मांदव खंदपालित याची ओळख आधी महाभोजी विजया या त्याच्या आईच्या नावाने करून दिली आहे, जशी सातवाहनांत गौतमीपुत्राची होते. या महाभोजाच्या लेखकाचा, म्हणजे दरबारी लेखनिकाचा, धाकटा भाऊ शिवम याने लेणे दिले, तर त्यातील शिल्पकाम शिवमची पत्नी, तिचेही नाव विजयाच, व मुलगे यांच्या नावे आणि खांब मुलींच्या नावे स्वतंत्रपणे नोंदवले आहेत. कुड्याच्याच इतर लेखांत वैद्य, माळी आणि लोखंडाचा व्यापारी येतात. सत्ताधीश, त्याचा कारकून, कारकुनाच्या पुतण्या आणि धंदेवाईक एकाच डोंगरात नावानिशी सापडावेत, ही संपत्ती आरंभीच्या इंग्लंडच्या कोणत्याही अभ्यासकाला हेवा वाटावा अशी आहे. भोजांचे सोयरसंबंध घाटावरही होते. तिथल्या बेडसे लेण्यांच्या लेखातील महारठिणी, म्हणजे महारठी सरदाराची पत्नी, सामडिनिका ही महाभोजाची मुलगी होती.

तरीही या घराण्यांना सातवाहनांचे मांडलिक म्हणून निकालात काढणारा एक पंथ आहे. त्या पंथाने एका गोष्टीचे उत्तर दिलेले नाही: नाशिक आणि कार्ल्याच्या लेण्यांतील लेखांत सातवाहन राजाचे नाव आणि राज्यवर्ष येते, मग कुड्यात आणि पाल्यात ते का येत नाही? या मौनाने भोजांचे स्वातंत्र्य सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु दान देणाऱ्याला वरच्या सत्तेचा उल्लेख आवश्यक वाटला नाही, एवढे तरी त्यावरून निश्चित ठरते. दुसरा पंथ नावाच्या साम्यावरून विष्णुपालिताला थेट वायव्य सरहद्दीवरच्या कंबोजांत नेऊन बसवतो; अशोकाच्या तेराव्या शिलालेखात भोजांचा निर्देश असताना एवढ्या लांबच्या प्रवासाची गरज काय, हे तो पंथ सांगत नाही.

पुढची शतके वेगाने ओलांडता येतात. कोकणातले मौर्य, त्यांची पुरी जिंकणारे बदामीचे चालुक्य, मग राष्ट्रकूट आणि त्यांच्या छत्राखाली उत्तर व दक्षिण कोकणात नांदलेली शिलाहारांची दोन घराणी, हा क्रम सर्वपरिचित आहे. त्यात याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिणारा अपरादित्य उठून दिसतो. तेराव्या शतकात यादव महादेवाशी लढताना शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडाला आणि ही मालिका संपली. बाकी दानपत्रांत पदव्याच अधिक आणि माणसे कमी.

बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी या पुरातत्त्वज्ञांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख १८८१ मध्ये एकत्र प्रसिद्ध केले, आणि आजही या लेखांविषयी लिहिणारे बहुतेक जण तेवढ्याच शिदोरीवर चालतात. दगडासमोर उभे राहून अक्षर लावणारा विद्यार्थी दुर्मीळ झाला आहे. गडांच्या सहली वाढल्या, पण मुंबई–गोवा महामार्गावरून दिसणाऱ्या पाल्याच्या डोंगराकडे वळणारे थोडेच. अर्थतज्ज्ञ चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव म्हणून नाते अभिमानाने सांगितले जाते, तसेच विष्णुपालिताचे नाव महाड-पोलादपूरच्या शाळांत सांगितले जाण्यास कोणतीही अडचण नाही. शिवकालाची थोरवी त्याने उणी होणार नाही. उलट रायरीची निवड ज्या वाटांमुळे झाली, त्या वाटांवर आधी कोणी पाणी साठवले, हे कळल्यावर ती निवड अधिक नीट समजेल.