वर्ग भरतो कोठे?

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वसलेल्या नृसिंहवाडीत पावसाळ्यात नदीचे पाणी दत्तमंदिरात चढले, ते दक्षिणेकडील दारातून बाहेर पडण्याच्या, म्हणजे दक्षिणद्वार सोहळ्याची, वार्ता पसरली आणि पाठोपाठ कुरुंदवाड-शिरोळकडील रस्त्यांचा भरवसा उरला नाही, की विद्यार्थ्याचे महाविद्यालय भ्रमणध्वनीच्या पडद्याएवढे होते; जुलै २०२१ च्या महापुरात तर महामारीमुळे तास आधीपासूनच दूरस्थ चालले होते. अशा वेळी चित्र अडखळले, की घरातील वडीलधारी मंडळी सारा दोष महाविद्यालयाच्या सर्व्हरच्या माथी मारून मोकळी होतात.

वस्तुतः वर्ग त्या सर्व्हरवर भरलेलाच नसतो. २००२ साली प्रसिद्ध झालेली मूडल ही प्रणाली विद्यार्थ्यांची नावनिशी, पाठ आणि गुण यांचे दप्तर सांभाळते. तर थेट संभाषणासाठी तिला बिगब्लूबटनसारखी, कॅनडातील कार्लटन विद्यापीठात २००७ साली आरंभ झालेली, स्वतंत्र व्यवस्था जोडता येते. या दोहोंमधील जोडणी, म्हणजे कनेक्टर, सभा उघडण्याचा हुकूम पलीकडच्या सर्व्हरला धाडतो, विद्यार्थ्याच्या नावाचा प्रवेश-पत्ता घडवतो, ब्राउझरला तिकडे वळवतो आणि बाजूला होतो. त्यानंतर आवाज आणि चित्र भ्रमणध्वनी व सभेचा सर्व्हर यांच्यातच वाहतात. म्हणून तास रंगात आला असता मूडल बंद पडले, तरी आत बसलेल्यांचा वर्ग चालू राहतो, अडतात ते उशिरा येणारे.

‘म्हणजे आमचा पासवर्ड परक्यांच्या हाती गेला’, ही दुसरी धास्ती. पासवर्ड तिकडे जातच नाही. दोन्ही सर्व्हरना आगाऊ ठाऊक असलेले एक गुपित आणि पत्त्यातील मजकूर यांच्या गणिती संस्कारातून सहसा ४० किंवा ६४ अक्षरांकांची एक माळ तयार होते व ती, जुन्या अमदानीतील दस्तकावरील शिक्क्याप्रमाणे, पत्त्याच्या अखेरीस उमटते. गुपित मात्र जागचे हलत नाही. पत्त्यातील नावाचे एक अक्षर कोणी फिरविले, की पलीकडचा हिशेब जुळत नाही आणि प्रवेश नामंजूर होतो. तथापि शिक्का फेरफार रोखतो, हातबदल नव्हे: तोच पत्ता मित्राला पाठविला, तर तो मित्र तुमच्या नावाने वर्गात येऊन बसू शकतो, हे मुलांना आपल्याआधी उमगते असा माझा कयास आहे.

मूडलमधून बाहेर पडले की सभाही सुटते, ही समजूतही चुकीचीच. सभा स्वतंत्रपणे सोडावी लागते, एरवी मायक्रोफोन उघडाच राहावयाचा.

ध्वनिचित्रमुद्रणाची गोष्टही अशीच. मूडलच्या पानावर दिसते ती केवळ यादी; मूळ मुद्रण सामान्यतः सभेच्या सर्व्हरवर असते, व तेथून ते काढून टाकले तर कनेक्टरला दाखविण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा जुना तास सापडत नसेल, तर मूडलचे पान पुनःपुन्हा उघडण्यापेक्षा सभेचा सर्व्हर कोणाच्या ताब्यात आहे याची महाविद्यालयात चौकशी करावी.