हेड गॅस्केट : घाट चढणाऱ्या गाडीचा नाजूक सांधा

एप्रिलअखेर रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरून निघालेली पिकअप साखरपा ओलांडून आंबा घाटाला लागते, तेव्हा इंजिनाचा कस लागतो. हौद्यात क्षमतेपेक्षा जास्त माल, बाहेर दुपारचं ऊन आणि समुद्राकाठून निघालेल्या गाडीला सुमारे ६०० मीटर वर चढायचं. दुसऱ्या गिअरवर गाडी हळू चालते. त्यामुळे रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, इंजिन मात्र पूर्ण ताकद लावत असतं. टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. आंबा उन्हात ठेवून वाटेत थांबणं परवडत नाही, म्हणून ड्रायव्हर गाडी तशीच ओढतो. घाटमाथ्यावरून कोल्हापूरकडे जाताना मग कुठल्यातरी गॅरेजसमोर ती उभी राहते आणि तक्रार एकाच वाक्यात सांगितली जाते : गाडी पाणी खातीया.

पाणी कमी होतं, पण जमिनीवर थेंब पडत नाही. म्हणजे ते आतल्या आत कुठेतरी जातंय. जाणता मिस्त्री लगेच पाना उचलत नाही. तो इंजिन पुरतं थंड होऊ देतो, मग रेडिएटरचं झाकण काढतो आणि स्टार्टर मारायला सांगतो. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधला वायू पाण्याच्या वाटेत शिरलाय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं, तर पाणी खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरलंय. शेजारच्या दोन सिलिंडरांचं कम्प्रेशन एकदम कमी भरलं, तर त्या दोघांमधली गॅस्केटची चिंचोळी पट्टी जळाल्याचं जवळपास नक्की होतं. एवढं पाहिल्यावर तो सांगतो, हेड उतरवावं लागेल.

जुन्या महिंद्र पिकअपमधलं २५२३ सीसीचं डीआय इंजिन घ्या. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८८.९ मिलिमीटर, पिस्टनची धाव १०१.६. हेच आकडे इंचांत साडेतीन आणि चार होतात, आणि त्यात या इंजिनाचं कूळ दिसतं. महिंद्रने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या साथीने ट्रॅक्टरचा कारखाना काढला, त्या ट्रॅक्टरांच्या घराण्यातलं हे इंजिन. एका सिलिंडरचं तोंड सुमारे ६२ चौरस सेंटिमीटरचं. ज्वलनाच्या क्षणी आतला दाब १०० बार धरला, तर हेडला वर ढकलणारा जोर ६ टनांच्या पुढे जातो. मिनिटाला ३००० फेरे होत असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला २५ वेळा घडतं. खाली बिडाचा ब्लॉक, वर हेड आणि मध्ये दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचं गॅस्केट. त्याने वायू, पाणी आणि ऑइल या तिघांना आपापल्या वाटेवर ठेवायचं.

हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर काम आणखी अवघड. अर्धा मीटर लांबीचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड ८० अंशांनी तापलं की साधारण ०.९ मिलिमीटर वाढतं. बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्म्यानेच. हे घासणं गॅस्केट प्रत्येक तापण्या-निवण्यात सोसतं. पूर्वी ही गॅस्केटं तांब्याच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस घालून बनत. नंतर ग्राफाइटची आली, मग पोलादी पत्र्यांच्या थरांची. पोलादी गॅस्केट जास्त टिकतं, पण त्याला पृष्ठभागही जास्त गुळगुळीत लागतो. जुन्या, खरवडलेल्या ब्लॉकवर ते बसवलं तर गळू शकतं.

उतरवण्याबद्दल फार लिहायला नको. पाणी काढायचं, मॅनिफोल्ड सोडायचे, डिझेलचे पाइप आणि नोझल काढायचे, रॉकर उचलून पुशरॉड ओळीने ठेवायचे, आणि हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे ढिले करत आणायचे. खरं काम हेड बाकावर आल्यावर सुरू होतं.

जळकं गॅस्केट आधी नीट पाहायचं असतं. काळी रेघ कुठून कुठे गेलीय, हे त्यावर स्पष्ट दिसतं. ते न पाहता कोपऱ्यात फेकणाऱ्या गॅरेजात मी माझी गाडी देणार नाही. मग साफसफाई. ब्लॉकवर चिकटलेले तुकडे खरवडायला तास-दोन तास जातात. घाईत ग्राइंडरला खरकागद लावून काम उरकलं, तर बारीक भुकटी ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत पोचते आणि चांगलं इंजिन पुढे काही महिन्यांत बसतं. बोल्टच्या बंद छिद्रांत पाणी किंवा ऑइल राहिलं, तर बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक छिद्र हवेने फुंकून कोरडं करायचं.

मग सरळ पट्टी हेडवर आडवी, उभी, तिरकी धरायची आणि फटीत फिलर गेज सरकवून पाहायचं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं हेड वाकलं असेल, तरी बहुतेक इंजिनांत ते तसंच बसवता येत नाही. मग हेड कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जातं. दाबाखाली पाण्यात बुडवून तडे तपासले जातात, मशिनवर हेड प्लेन केलं जातं. ओतकाम आणि इंजिनकामाची पिढ्यांची सवय असलेल्या या वस्तीत अशा कामाला हात सहज मिळतात. कोकणातून वर आलेल्या गाडीला याच रस्त्यावर हे शहर भेटावं, हे तिचं भाग्यच. प्लेन करतानाही जपावं लागतं. जास्त धातू काढला तर व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. अनेक डिझेल इंजिनांची गॅस्केटं याच कारणाने वेगवेगळ्या जाडीत मिळतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे डायल गेजने मोजून त्यातलं योग्य निवडायचं, आणि जाडीची खूण गॅस्केटच्या कडेला खाचांनी किंवा छिद्रांनी दिलेली असते.

बोल्ट मधून सुरू करून बाहेर सरकत, टप्प्याटप्प्याने आवळायचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पान्यावर लावलेल्या जोरापैकी सुमारे ९० टक्के बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो आणि हेड दाबून धरायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो, हे फार थोडे लक्षात घेतात. आट्यांत गंज असेल तर टॉर्क रेंच पुरा आकडा दाखवतो आणि हेड मात्र सैल राहतं. वायर ब्रशने घासलेले, किंचित ऑइल लावलेले बोल्ट म्हणूनच इतके महत्त्वाचे. 'हाताला अंदाज आहे' म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या हाताचा मला आदर आहे, पण हेडच्या बोल्टला टॉर्क रेंचच हवा.

एवढं सगळं करूनही मूळ कारण तसंच राहिलं, तर पुढच्या घाटात गॅस्केट पुन्हा जाईल. गॅस्केट आपणहून क्वचित जळतं. त्याला उष्णता जाळते, आणि ती उष्णता कुठून आली हे शोधणं मिस्त्रीचं अर्धं काम. बहुतेकदा कारण स्वस्तातलं निघतं. रेडिएटरचं झाकण साधारण एक बार दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचा रबर गेला की हे २० अंश गेले. बोअरच्या जड पाण्याने जॅकेटमध्ये क्षार साचतात. फॅनचा पट्टा सैल होतो. थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी थंड चालते, असा समज पक्का आहे. पण काही इंजिनांत तो नसल्यामुळे बरंच पाणी रेडिएटरला न जाता बायपासनेच परत फिरतं आणि चढावर इंजिन उलट जास्त तापतं. झाकण, पट्टा, थर्मोस्टॅट आणि कूलंट यांचा खर्च हेडच्या कामापुढे किरकोळ आहे. तरीही बिलातून आधी तोच कापायला सांगितला जातो, याचं मला वाईट वाटतं.

जुन्या पद्धतीचं गॅस्केट तापून दबतं, म्हणून त्याचे बोल्ट काही अंतर चालल्यावर पुन्हा ठरल्या क्रमाने आवळावे लागतात आणि टॅपेटही नव्याने जुळवावे लागतात. हंगामात त्यासाठी गाडी परत आणायला ड्रायव्हरला सवड नसते. अशा वेळी मिस्त्री संध्याकाळी इंजिन चालवून पुरतं तापवतो, रात्रभर निवू देतो आणि सकाळी एक फेरी आवळून टॅपेट लावूनच किल्ली देतो. या एका रात्रीसाठी मालकाने घाई करू नये.