शिष्यवृत्ती आणि आयकर : पालकांनी ध्यानी ठेवावयाच्या गोष्टी

आमच्या व्यापारी कुटुंबांतील मुलामुलींस महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मिळाली की आनंदाबरोबर एक शंकाही उपस्थित होते : ही रक्कम वडिलांच्या उत्पन्नात धरली जाऊन कर तर वाढणार नाही ना? या धास्तीने कोणी अर्जच न करावा, हे आम्हांस उचित वाटत नाही. म्हणून हा खुलासा. आयकर हा केंद्राचा कायदा असल्याने बेळगाव, इंदूर वा हैदराबाद, नियम सर्वत्र एकच आहे.

शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १० (१६) अन्वये करमुक्त होती. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यातही ही सवलत कायम आहे. तीस रकमेची मर्यादा नाही. पुस्तके, वसतिगृह इत्यादी आनुषंगिक खर्चही शिक्षणाच्या खर्चात मोडतो, असा अर्थ न्यायालयांनी लावला आहे. सबब, अशी शिष्यवृत्ती मुलाच्या करपात्र उत्पन्नात येत नाही व पालकांच्याही येत नाही.

मात्र नाव शिष्यवृत्तीचे आणि वस्तुतः केलेल्या कामाचा मोबदला, असे असेल तर ही सवलत नाही. तसेच आपल्या मुलाची फी पेढीतून भरून ती 'शिष्यवृत्ती' म्हणून पेढीच्या खर्ची टाकणे गैर होय. तो मालकाचा घरखर्च आहे. वहीत तो मालकाच्याच नावे पडला पाहिजे.

दुसरी गोष्ट व्याजाची. समजा, शिष्यवृत्तीचे ४०,००० रुपये मुदत ठेवीत ठेवले व वर्षाअखेर २,८०० रुपये व्याज आले. मूळ रकमेवर कर नाही. परंतु व्याज हे उत्पन्नच होय. ते कोणाचे, हे वयावर ठरते. मुलास १८ वर्षे पूर्ण झाली नसतील, तर सामान्यतः आईवडिलांपैकी ज्यांचे उत्पन्न अधिक, त्यांच्या उत्पन्नात ते मिळविले जाते. हा व्यापक नियम १९९२ च्या वित्त कायद्याने आला. सज्ञान झाल्यावर ते व्याज मुलाचे स्वतःचे उत्पन्न ठरते. म्हणून अकरावी-बारावीतील मुलाचे व्याज आणि पदवीच्या वर्गातील सज्ञान मुलाचे व्याज यांचा हिशेब निरनिराळा होतो.

तिसरी गोष्ट वजावटीची. जुन्या करपद्धतीने कर भरणाऱ्या पालकांस दोन अपत्यांच्या शिक्षणशुल्काची वजावट मिळते. विमा, भविष्यनिर्वाह निधी इत्यादींसह तिची एकूण मर्यादा १,५०,००० रुपये आहे. परंतु वजावट स्वतः भरलेल्या शुल्काचीच असते. ६०,००० रुपयांच्या शुल्कापैकी ४५,००० शिष्यवृत्तीतून परस्पर भरले गेले असतील, तर पालकांनी १५,००० चीच मागणी करावी. नव्या पद्धतीत ही वजावट मुळीच नाही.

तात्पर्य, मंजुरीपत्र व शुल्काच्या पावत्या जपून ठेवाव्यात, रक्कम विद्यार्थ्याच्या स्वतंत्र खात्यात जमा करावी आणि पेढीच्या रोजमेळात ती मिसळू देऊ नये. एवढी दक्षता घेतल्यास मुलांच्या गुणांनी मिळविलेले हे साहाय्य निःशंकपणे स्वीकारता येईल.