‘हॅलो, आवाज येतोय का?’ : घरून काम करणाऱ्यांनो, कान सांभाळा

दुपारी वस्तीतल्या गल्लीतून चालत गेले की हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडते : “हॅलो, माझा आवाज येतोय का?” कुणाची मुलगी घरूनच ग्राहकांचे फोन घेत असते, कुणाचा मुलगा ऑनलाइन क्लासला बसलेला असतो. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, कपाटाशेजारी छोटे टेबल आणि त्यावर हप्त्यावर घेतलेला कॉम्प्युटर. एवढ्यात कुकरची शिट्टी होते. शेजारी टीव्ही लागतो. पावसाळा असेल तर पत्रा ताशासारखा वाजतो. त्यातच हेडफोनची वायर जरा हलली की एका बाजूचा आवाज गायब! मग काय करायचे? आवाज वाढवायचा.

दुखणे इथूनच सुरू होते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चेंबूरच्या बाजूच्या एका वस्तीत घरभेटींना फिरत होतो. एका घरात आईने स्वतःच्या बीपीचे काही सांगितलेच नाही, लेकीची तक्रार सुरू केली. “ताई, हिला चार हाका मारल्या तरी ओ देत नाही. कमवायला लागली तशी शेफारली.” मुलगी तेवीस वर्षांची. रोज आठ-नऊ तास, आठवड्यातून सहा दिवस घरून फोन घेण्याचे काम. आम्ही तिच्या उजव्या बाजूला बसून हळू बोललो, तर ती मान वळवून डावा कान पुढे करत होती. “रात्री आडवी झाले की उजव्या कानात रातकिडा ओरडतो,” ती म्हणाली. आम्ही तिचा हेडफोन लावून पाहिला. डावी बाजू बंद, उजवी पूर्ण आवाजावर. चार महिने ती असेच काम करत होती. नवीन मागितला तर पगारातून कापतील, या भीतीने तिने कुणाला सांगितले नव्हते.

तिला तपासणीला नेले. उजव्या कानाच्या आलेखात ४,००० हर्ट्झच्या जवळ खड्डा दिसला. मोठ्या आवाजाने कानाला इजा झाली की बहुधा तिथेच खड्डा पडतो. मुलगी शेफारली नव्हती. तिला नीट ऐकूच येत नव्हते.

कानात नेमके काय होते?

आपल्या आतल्या कानात केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण १५ ते १६ हजार. आवाज आला की त्या डोलतात आणि मेंदूला खबर देतात. मोठा आवाज फार वेळ पडला की त्या थकतात. विश्रांती मिळाली तर सावरतात. रोजच मार बसला तर मरतात, आणि मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. त्यावर गोळी नाही, तेल नाही, इंजेक्शन नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी मर्यादा सांगितली आहे : ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत. आवाज ९० डेसिबल झाला तर फक्त ४ तास. म्हणजे आवाज थोडा वाढला तरी वेळ झपाट्याने कमी होतो. आमच्या या मुलीचे आठवड्याचे तास पन्नासच्या आसपास होते, आणि आवाज पूर्ण. त्यावर रात्री मोबाइलवर गाणी वेगळीच.

कारखान्यांच्या कायद्याने गोंगाटामुळे येणारे बहिरेपण हा नोंदवायचा आजार मानला. पण घरच्या खोलीत हेडफोन लावून बसलेल्या मुलीचा कान मोजायला कुणी येत नाही. ते आपल्यालाच पाहावे लागेल.

आवाज वाढवण्याआधी हे पाहा

बहुतेक वेळा आवाज कमी नसतो, दोष दुसरीकडेच असतो.

एक बाजू बंद : वायर बहुधा पिनेजवळ नाहीतर कानाच्या कपाजवळ आतून तुटते. आपण वायर धरून ओढतो, घट्ट गुंडाळतो, म्हणून तुटते. काढताना पिन धरून काढा. तुटलीच तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात डाग देऊन मिळतो का ते विचारा. पण एका कानावर दिवसभर काम रेटू नका.

ऐकू येते, पण आपला आवाज जात नाही : जुन्या कॉम्प्युटरला दोन भोके असतात, हिरवे ऐकण्याचे आणि गुलाबी माइकचे. मोबाइलच्या इअरफोनला एकच पिन असते. ती हिरव्या भोकात घातली की ऐकू येते, माइक चालत नाही. एका पिनेच्या दोन पिना करणारी छोटी वायर दुकानात मिळते. नाहीतर यूएसबीचा हेडफोन घ्या.

ब्लूटूथवर आवाज दबका येतो : ब्लूटूथचा माइक सुरू झाला की बऱ्याच हेडफोनवर ऐकण्याचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. शब्द कळत नाहीत म्हणून आपण आवाज वाढवतो. अशा वेळी कॉम्प्युटरचा स्वतःचा माइक निवडा आणि ब्लूटूथ फक्त ऐकायला ठेवा. कामासाठी वायरचाच बरा. मध्येच चार्जिंगही संपत नाही.

डब्यावरचे ‘नॉइज कॅन्सलिंग’ : फोनच्या कामाच्या हेडफोनवर हे लिहिलेले असते, ते बहुधा माइकपुरते असते. तुमचा कुकर समोरच्याला ऐकू जात नाही, तुमच्या कानावरचा गोंगाट मात्र तसाच राहतो. कान पूर्ण झाकणारे कप असलेला हेडफोन बाहेरचा आवाज अडवतो. मग कमी आवाजातही काम भागते.

ओरडून बोलावे लागते : माइक तोंडाच्या कडेला, दोन बोटांच्या अंतरावर ठेवा. अगदी समोर धरला तर श्वास आदळतो. पंख्याचा झोत माइकवर येऊ देऊ नका. कान झाकले की आपण नकळत मोठ्याने बोलतो आणि संध्याकाळी घसा बसतो. जवळ पाणी ठेवा.

आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका. हेडफोन लावलेला असताना हातभर अंतरावरच्या माणसाचे साधे बोलणे अजिबात ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे असे समजा. तासाभराने पाच-दहा मिनिटे कान मोकळे ठेवा.

घरच्यांचेही काम आहे. फोन सुरू असताना टीव्ही बंद ठेवा, मिक्सर नंतर लावा. विहाराचा किंवा समाजमंदिराचा हॉल दुपारी रिकामा असेल तर परीक्षेच्या दिवसांत तो मुलांना बसायला द्या. आणि उत्सवाच्या भोंग्यांचेही बोलले पाहिजे, आपल्या जयंतीच्या डीजेसकट. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे.

एक इअरफोन, चार कान

एकच इअरफोन भाऊ, बहीण, वडील वापरतात. घाम, मळ, जंतू एका कानातून दुसऱ्यात जातात. पावसाळ्यात दमट कानात बुरशी लवकर धरते. रबरी टोप्या प्रत्येकाच्या वेगळ्या ठेवा, त्या काढून साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. कान खाजतो म्हणून काडी, पिन, बड घालू नका. गरम तेल सोडू नका. कान वाहत असेल तर त्या कानात इअरफोन अजिबात नको.

दवाखान्यात कधी जायचे?

कानात सतत शिट्टी वाजणे, बोलणे ऐकू येते पण शब्द न कळणे, कान दुखणे किंवा वाहणे, चक्कर येणे, यांपैकी काहीही असेल तर कान-नाक-घसा विभागात दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी जा. मळ असेल म्हणून थांबू नका, कारण उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात. मुंबईत सायन, नायर, केईएम या पालिकेच्या रुग्णालयांत हा विभाग आहे. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही श्रवणाची तपासणी होते. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात विचारा.

त्या मुलीने अखेर कामावर लेखी कळवले आणि तिला दुसरा हेडफोन मिळाला. तो मागणे इतके अवघड नव्हते, चार महिन्यांची भीतीच मोठी होती. रातकिडा आता कमी ओरडतो. जे गेले ते मात्र परत आलेले नाही. तिची आई आता लांबून हाका मारत नाही, समोर येऊन बोलते.

आज रात्री घरातला हेडफोन हातात घ्या. आधी डावा कान, मग उजवा कान लावून पाहा. आणि पोर हाकेला ओ देत नसेल, तर रागावण्याआधी तिला ऐकू येते का ते विचारा.