दाराला टांगलेला कॅमेरा

जुना रोलायफ्लेक्स ट्रायपॉडवर चढवायचा म्हटले की लोक आधी त्याच्या वजनाची काळजी करतात. ती काळजी फुकटची आहे. ‘२.८ एफ’सारखे दणकट मॉडेलसुद्धा सव्वा किलोच्या आसपास भरते आणि तेवढा भार आज मिळणारा बरा ट्रायपॉड सहज पेलतो. गोम आहे ती कॅमेऱ्याच्या बुडात.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हाइडेके या दोघांनी १९२० मध्ये कारखाना काढला आणि १९२९ मध्ये रोलायफ्लेक्स बाजारात आणला. एकावर एक दोन लेन्स, म्हणून ट्विन लेन्स रिफ्लेक्स, म्हणजेच टीएलआर. वरच्या लेन्समधून येणारा प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर आपटून माथ्यावरच्या दुधी काचेवर जातो. फोटोग्राफर छातीशी कॅमेरा धरून, मान खाली घालून त्या काचेत बघतो. फोटो मात्र खालची लेन्स काढते. १२० नंबरच्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौकोनी बारा फ्रेम. पुढे जपानी यशिकाने हाच साचा स्वस्तात आणला आणि आपल्याकडच्या कितीतरी स्टुडिओंची रोजीरोटी त्यावर चालली. आज तेच कॅमेरे माळ्यावरून खाली येताहेत, रोल पुन्हा भरले जाताहेत.

आता बुडाकडे. रोलायफ्लेक्समध्ये रोल भरायचे दार वरच्या बाजूला बिजागरीवर लटकते. पाठ आणि बूड मिळून ते काटकोनात वळवलेले एकच दार आहे आणि ते पुढच्या बाजूला, बुडाच्या कडेशी, एका खटक्याने बंद होते. ट्रायपॉडचा स्क्रू ज्या भोकात जातो ते भोक याच दारावर आहे. म्हणजे आपण स्क्रू आवळतो तेव्हा ट्रायपॉडला घट्ट बसते ते दार. लेन्स, शटर, आरसा, गिअर हा सगळा ऐवज ज्या धडात आहे, ते धड त्या दाराला बिजागरीने आणि एका खटक्याने जोडलेले राहते. लोखंडी कपाट दाराची मूठ धरून उचलावे, तसलाच हा प्रकार.

कॅमेरा सरळ उभा असेल तोवर काही बिघडत नाही. धडाचे वजन खाली दाबते आणि दार आपसूक मिटलेले राहते. त्रास दोन वेळा होतो: स्क्रू आवळताना आणि कॅमेरा झुकवताना.

आवळण्याचे गणित बघण्याजोगे आहे, कारण स्क्रू हे फसवे यंत्र आहे. ट्रायपॉडच्या पाव इंची स्क्रूला इंचात २० आटे असतात. एक पूर्ण फेरा दिला की तो जेमतेम १.२७ मिलिमीटर पुढे सरकतो. हात पुष्कळ फिरतो, स्क्रू थोडा सरकतो आणि त्या बदल्यात बल कित्येक पटींनी वाढते. कॅमेऱ्याच्या बुडाला लावायच्या प्लेटच्या स्क्रूच्या खाचेत नाणे घालून साधारण ०.२ न्यूटन-मीटरचा पीळ दिला, तर घर्षणात बराच भाग खर्ची पडूनही स्क्रू दीडशेच्या वर न्यूटनने दाराचा पत्रा खाली खेचतो. हे सोळा किलो वजन टांगल्यासारखे झाले. मनगटाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच स्क्रूला पक्कड लावून पीळ दहापट केला, तर भार दीडशे किलोच्या पुढे जातो. कॅमेरा सव्वा किलोचा आणि त्याच्या दारावर हा भार आपणच टाकलेला! पत्र्याखाली नीट टेकू नसेल, प्लेट लहान असेल, तर भोकाभोवतीचा पत्रा हळूहळू बाहेर ओढला जातो.

पत्रा किंचित वाकला तर एवढे काय? रोलायफ्लेक्समध्ये उजेड अडवण्याचे काम मुख्यतः धातूच धातूवर करतो: दाराची कड धडाच्या खाचेत बसते आणि त्या वळणावळणाच्या वाटेत प्रकाश अडकून पडतो. कड खाचेतून अर्धा मिलिमीटर उठली की वाट सरळ होते आणि रोलच्या कडेला पांढुरके डाग उमटू लागतात. यशिकामध्ये खाचेत मऊ फोमच्या पट्ट्या असतात. वयोमानाने त्यांचा चिकट काळा चिखल होतो, आणि मग उजेड शिरायला पत्रा वाकायचीही गरज उरत नाही. अशा कॅमेऱ्यात आधी फोम बदलावा, ट्रायपॉडचा विचार मागाहून.

दुसरा त्रास झुकवण्याचा. समजा जमिनीवरची रांगोळी टिपायची म्हणून कॅमेऱ्याचे तोंड थेट खाली केले. आता बूड उभे झाले आणि कॅमेरा भिंतीतल्या खुंटीसारखा आडवा बाहेर आला. गुरुत्वमध्य बुडापासून सात सेंटिमीटरवर धरला, तर वजनामुळे सुमारे ०.८ न्यूटन-मीटरचा पीळ तयार होतो. तो स्क्रूलाच सांभाळायचा आहे आणि टेकू आहे प्लेटच्या खालच्या कडेचा. ही कड स्क्रूपासून दोन सेंटिमीटरवर असेल तर पत्र्यावर सुमारे ४० न्यूटनची जादा ओढ येते. चार सेंटिमीटरवर असेल तर निम्मी. म्हणून प्लेट रुंद हवी. मात्र रुंदीलाही मर्यादा आहे. फोकस करताना पुढची लेन्सपट्टी अख्खी पुढे सरकते, तिच्या वाटेत प्लेटचा ओठ किंवा जाड रबर येता कामा नये. बसवल्यावर फोकसची घुंडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघावी. कुठेही अडखळली तर तिथेच थांबावे.

कारखान्याला हे दुखणे ठाऊक होते. त्यांनी रोलायफिक्स नावाची एक छोटी बैठक काढली आणि माझ्या मते त्या कारखान्याने बनवलेल्या सगळ्या जोडसामानात शहाणी वस्तू तीच. ती ट्रायपॉडवर कायमची बसते आणि कॅमेऱ्याला बुडाच्या पुढच्या-मागच्या कडांना धरते. मधल्या भोकाशी तिला कर्तव्य नाही. दार ओढले जाण्याऐवजी धडाशी दाबले जाते आणि कळ दाबली की कॅमेरा सुटतो. जुन्या बाजारात ती अजून मिळते. घेताना पकड ढिली नाही ना, एवढे स्वतःच्या कॅमेऱ्यावर बसवून बघावे. ती नाही मिळाली तर रुंद प्लेट, हलका हात आणि कॅमेरा शक्यतो सरळ, एवढ्यावरही चांगले भागते. चौकोनी फ्रेममुळे कॅमेरा आडवा-उभा करायचा प्रश्नच नाही, हा एक मोठा फायदा पदरात असतोच.

भोकाच्या मापाकडेही लक्ष हवे. युरोपातल्या जुन्या कॅमेऱ्यांत ते पुष्कळदा तीन अष्टमांश इंचाचे असते आणि आजचे बहुतेक स्क्रू पाव इंचाचे. मधला फरक भरायला आतून-बाहेरून आटे पाडलेली पितळी बुशिंग मिळते. ती आत पूर्ण बसलेली, पृष्ठभागाशी सपाट हवी. अर्धवट बसली तर कॅमेरा काढताना ती स्क्रूसोबत बाहेर येते. स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल तर तो भोकाच्या तळाला टेकतो आणि आपल्याला वाटते घट्ट झाले. प्रत्यक्षात प्लेट ढिलीच असते आणि आपण तळ फोडत असतो. पहिले दोन फेरे नुसत्या बोटांनी द्यावेत. आटे जुळले नसतील तर बोटांना ते कळते, नाण्याला कळत नाही.

मग टीएलआरला ट्रायपॉड हवाच कशाला, असे कोणी विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. एसएलआर कॅमेऱ्यात फोटोच्या क्षणी आरसा धाडकन वर उडतो. इथे तो जागचा हलत नाही. शटरही लेन्समध्येच, पातळ पाकळ्यांचे. कंप इतका कमी की सेकंदाच्या तिसाव्या भागालाही स्थिर हाताने चांगला फोटो निघू शकतो. संध्याकाळचा मंद उजेड किंवा कमी संवेदनशील फिल्म असेल तेव्हा ट्रायपॉड लागतोच. पण त्याचा खरा कस लागतो जवळच्या वस्तूत.

बघणारी लेन्स वर, फोटो काढणारी खाली. रोलायफ्लेक्समध्ये दोघींत सुमारे ४२ मिलिमीटरचे अंतर. डोंगर टिपताना त्याला कोण विचारतो! एक मीटरवर मात्र फ्रेमची उंची ६९ सेंटिमीटर असते आणि ४२ मिलिमीटर म्हणजे तिचे सहा टक्के. जवळची लेन्स लावून ४० सेंटिमीटरवर गेलात की फ्रेमचा सातवा भाग चुकतो. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. दुधी काचेखालची चौकट फोकसबरोबर सरकते आणि कड जुळवून देते. रोलायनार या जवळच्या लेन्सच्या जोडीत वरच्या भिंगाला त्यासाठी प्रिझमचा उतार दिलेला असतो, म्हणून त्यावरचा लाल ठिपका वरच हवा. पण चौकट जुळली तरी नजरेची जागा जुळत नाही. फुलामागून डोकावणारी कळी वरच्या लेन्सला दिसते, खालच्या लेन्सला ती झाकलेली असते. यावर उपाय एकच: वरच्या लेन्सने बघून झाले की अख्खा कॅमेरा तेवढाच वर उचलायचा, म्हणजे खालची लेन्स नेमकी तिच्या जागी येते. मामियाच्या सी मालिकेतल्या टीएलआरसाठी पॅरामेंडर नावाचे यंत्र नेमके हेच करते. तिथे लेन्समधले अंतर ५० मिलिमीटर, आणि कळ फिरवली की कॅमेरा तेवढाच चढतो. रोलायफ्लेक्सवाल्याने ट्रायपॉडच्या मधल्या दांड्यावर पेन्सिलीने ४२ मिलिमीटरची खूण करावी. दांडा उभा, लंबात हवा, नाहीतर चढताना कॅमेरा पुढेही सरकतो.

उभे करताना एक पाय लेन्सच्या दिशेला ठेवावा, म्हणजे पुढे झुकवला तरी तोल पायांच्या त्रिकोणातच राहतो. छातीच्या उंचीला बघायचे असल्याने पायांचे शेवटचे बारीक भाग बाहेर काढायची फारशी वेळ येत नाही. तेच सगळ्यात जास्त थरथरतात. दुधी काचेत डावे-उजवे उलटे दिसते, त्यामुळे ट्रायपॉडची मूठ पहिल्यांदा हमखास चुकीकडे वळते. बटण दाबायला केबल रिलीज वापरावी. जुन्या शटरमधल्या सेल्फ-टायमरच्या नादी लागू नये. आतले तेल सुकलेले असले तर तो मध्येच अडकतो आणि शटरलाही अडकवतो.

बारा फोटो झाले की रोल बदलायला कॅमेरा खाली घ्यावाच लागतो, कारण उघडायचे दार ट्रायपॉडला बांधलेले असते. आधी गळ्यातला पट्टा हातात गुंडाळावा, मग स्क्रू सोडावा. क्विक रिलीज प्लेट बुडालाच ठेवणार असाल तर ती खटक्यावर चढत नाही, आणि ज्या कॅमेऱ्यात कुलपाची चकती भोकाभोवतीच फिरते तिथे प्लेटसोबत चकती फिरत नाही, हे रोल भरण्याआधी रिकाम्या कॅमेऱ्यावर तपासून घ्यावे.